सहा दवाखाने आणि एक एंटर

मला कावीळ झाली तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं, की सहा दवाखान्यांचं सगळं माझ्या एकटीच्या डोक्यात आहे.

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत एका संस्थेचे सहा छोटे दवाखाने आहेत: किन्हवली, शेणवे, डोळखांब, सरळगाव, धसई आणि टोकावडे. प्रत्येक ठिकाणी टेबलाखाली जेवणाच्या डब्याएवढं एक मशीन असतं. सर्व्हर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे थंडगार खोली येते. आमचे सर्व्हर म्हणजे हे डबे. कोणता पेशंट कधी आला, काय दुखत होतं, काय दिलं, काय सोसलं नाही, हे सगळं त्यात. इंटरनेटचा भरवसा नाही म्हणून माहिती त्या त्या गावातच ठेवायची आणि सिस्टरच्या संगणकावर ती उघडायची, अशी व्यवस्था मीच लावली होती. सगळं मुक्त स्रोत सॉफ्टवेअर, कुणीही घ्यावं, आत काय आहे ते बघावं, हवं तसं बदलावं असं. आधी मी ठाण्याकडे एका कंपनीत हेच काम मोठ्या प्रमाणावर करत होते. आई गेल्यावर बाबा किन्हवलीच्या घरात एकटे राहिले, तेव्हा मी नोकरी सोडून परत आले आणि हे दवाखान्यांचं काम धरलं.

कावीळ झाली ती लावणी आटपल्यावर. तीन आठवडे मी पुढच्या खोलीत पडून होते. डोळे पिवळे, तोंडाला चव नाही, आणि उशाशी फोन. एके दिवशी डोळखांबहून फोन आला की नवीन पेशंटची नोंदच होत नाही. डिस्क भरली असणार हे मला कळलं. पण ती रिकामी करायची तर तिथल्या मशीनवर माहितीच्या जुन्या प्रती कुठे ठेवल्या होत्या ते काही केल्या आठवेना. शेणव्याला एका जागी ठेवल्या होत्या, धसईला दुसऱ्या. प्रत्येक मशीन मी वेगळ्या वेळी, वेगळ्या घाईत, हाताने लावलं होतं आणि कुठेही काही लिहून ठेवलं नव्हतं. मी भिंतीकडे बघत पडून राहिले. बाबांनी पेज आणून ठेवली होती ती गार झाली. मला काही झालं तर, हा विचार त्या दिवशी मनात आला तो नंतर गेलाच नाही.

बरी झाल्यावर मी ठरवलं, की आता डोक्यातलं सगळं फायलींत उतरवायचं. त्यासाठी ॲन्सिबल नावाचं एक मुक्त स्रोत हत्यार आहे. मशीन कसं असायला हवं ते आपण साध्या भाषेत ओळीने लिहायचं: घड्याळ बरोबर हवं, रोज प्रत निघायला हवी, अमुक सॉफ्टवेअर हवं. मग घरी बसून एक आज्ञा दिली, की ते हत्यार एकेका मशीनमध्ये शिरतं, जे लिहिल्याप्रमाणे नाही ते करून घेतं आणि काय केलं ते रंगांत सांगतं. हिरवं म्हणजे आधीच ठीक होतं, पिवळं म्हणजे बदललं, लाल म्हणजे जमलं नाही.

मी घरातला एक जुना लॅपटॉप सातवं मशीन म्हणून मांडला. नवीन लिहिलेलं आधी त्याच्यावर चालवायचं, ठीक वाटलं की सहाही दवाखान्यांवर. घड्याळं जुळली. रोजच्या प्रती सगळीकडे एकाच जागी जाऊ लागल्या. पूर्वी ज्या कामासाठी मी आठवडाभर एसटीने हिंडत असे, ते चहा होईतो उरकायला लागलं. तरी चालवायच्या आधी दर वेळी मी एंटरवर बोट ठेवून थांबायचे. बाबा म्हणायचे, "काम हलकं झालं ना गो बाय, मग तोंड का असं?" पूर्वी चूक झाली तर एका गावात व्हायची.

मग फायरवॉलची पाळी आली. फायरवॉल म्हणजे मशीनच्या दाराशी बसवलेला पहारा. मशीनला पुष्कळ दारं असतात, प्रत्येकाला आकडा असतो. लागतील तेवढी दोन उघडी ठेवायची, बाकीची बंद करायची: एक दार मला आत शिरायला, दुसरं सिस्टरच्या संगणकाला पेशंटचं पान उघडायला. मी तसं लिहिलं, घरच्या लॅपटॉपवर चालवलं. झकास चाललं.

त्या दिवशी सकाळी पावणेदहाला मी ते सहाही दवाखान्यांवर सोडलं. हे हत्यार एका वेळी पाच मशीनना हात घालतं, मग उरलेल्याला. पाच ओळी पिवळ्या झाल्या, जरा थांबून सहावी. पुढची पायरीही झाली. शेवटी हिशेब आला: लाल कुठेच नाही. मी चहा ठेवला.

चहा उकळायच्या आत शेणव्याच्या सिस्टरचा फोन आला.

"ताई, पेशंटचं पान उघडत नाय. पांढरं पांढरं येतंय नुसतं."

"आत्तापासून की सकाळपासून?"

"आता पाच मिंटं झाली. आधी बरं चाललं होतं."

मी लॅपटॉपशी आले आणि शेणव्याच्या मशीनमध्ये शिरायला गेले. उत्तर नाही. किन्हवलीच्या गेले. उत्तर नाही. एकामागून एक सहाही करून पाहिली. मशीन चालू होती. जागं आहेस का असं विचारलं की सहाही हो म्हणत होती. फक्त आत घेत नव्हती. मी उभी राहिले, परत बसले आणि मी लिहिलेली फाईल वरपासून वाचायला घेतली.

चूक दुसऱ्याच मिनिटाला दिसली. दोन वर्षांपूर्वी, बाहेरून कुणी घुसू नये म्हणून, मी दवाखान्यांच्या मशीनवर दोन्ही दारांचे आकडे बदलले होते. हाताने. कुठेही न लिहिता. घरच्या लॅपटॉपवर मात्र आकडे नेहमीचेच होते. मी फायलीत नेहमीचे आकडे उघडे ठेवायला सांगितले होते. म्हणजे दवाखान्यांत ज्यांच्या मागे कुणीच नाही अशी दोन दारं उघडी राहिली आणि जी वापरात होती ती बंद झाली. माझं हत्यार आधीच आत शिरलेलं होतं, त्याची चालू जोडणी तुटली नाही, म्हणून त्याला काही कळलं नाही. काम संपवून ते बाहेर आलं आणि मागे दार लागलं.

माहिती सगळी शाबूत होती. पण कडी आतून होती आणि ती काढायला कुणीतरी मशीनपाशी जाऊन, पडदा आणि कीबोर्ड जोडून, आतून आज्ञा द्यायला हवी होती. मशीन बंद करून चालू केलं तरी उपयोग नव्हता. पहारा पुन्हा उभा राहील अशी सोयही मीच करून ठेवली होती.

किन्हवलीचा दवाखाना घरापासून पाच मिनिटांवर. तिथून सुरुवात करावी म्हणून मी चपला घातल्या आणि निघाले. देवळापाशी पोचले तोच टोकावड्याहून फोन. तिथली सिस्टर वयाने माझ्याहून मोठी, बोलायला सावकाश. त्या दिवशी ती सावकाश बोलत नव्हती.

"ताई, मशीन बंद हाय काय? डॉक्टर थांबल्यात. एकाच्या पायाला विळा लागलाय, हाडापर्यंत. इंजेक्शन द्यायचंय. त्याची बायको म्हणते मागच्या साली कुठलंतरी इंजेक्शन दिलं तवा त्याचं तोंड सुजलं, श्वास लागला. नाव म्हायती नाय तिला. इथंच दिलं होतं, आपल्याच दवाखान्यात. म्हणजे मशीनमदी असंल."

"त्यांच्याकडे कागद नाही?"

"कागद पावसात गेला म्हणते."

मग डॉक्टरांनी फोन घेतला. त्या नव्यानेच तिथे आल्या होत्या. "मी पट्टी बांधून ठेवलीय. दुसरं औषध देता येईल, पण तेच त्याला सोसलं नसेल तर? मला नाव हवंय. किती वेळ लागेल?"

किन्हवलीहून टोकावड्याला मोटरसायकलने तासभर तरी लागतो. मी रस्त्याच्या कडेला उभी होते. समोरून भाताचे भारे घेऊन बैलगाडी चालली होती, ती जाईपर्यंत मी टोकावड्याचा दवाखाना डोळ्यांपुढे आणला. मग विचारलं, "तुमच्याकडे बसायच्या जागेत टीव्ही आहे ना?"

सिस्टरच्या संगणकाचा पडदा संगणकातच बसवलेला, तो डब्याला जोडता येत नव्हता. पण बाळंतिणींच्या आहाराच्या फिल्म दाखवायला संस्थेने प्रत्येक दवाखान्यात टीव्ही लावले होते. डोळखांबचा तेवढा बिघडून गेला होता.

"हाय," फोन परत घेऊन सिस्टर म्हणाली.

"फोन ठेवू नका. मी घरी पोचते."

मी पळत घरी आले. पासवर्ड लॅपटॉपमध्ये होता आणि तो मी मुद्दाम लांबलचक ठेवला होता, लहान-मोठी अक्षरं, आकडे, चिन्हं. बाबा ओसरीवर दोरी वळत बसले होते. माझ्या तोंडाकडे बघून ते माझ्या मागे आत येऊन उभे राहिले.

सिस्टरने टेबलाखालून डबा काढला. टीव्ही भिंतीवर उंच, त्याची वायर आखूड. डबा पोचेना. मग बाकावर स्टूल ठेवलं, तरी वीतभर कमी पडलं. शेवटी रांगेतल्या एका म्हाताऱ्या पेशंटने डबा दोन्ही हातांत वर धरला. हे मला दिसत नव्हतं, सिस्टर सांगत होती तसं मी ऐकत होते. मागे कुणीतरी खोकत होतं. जखमी माणसाची बायको मध्येच काहीतरी विचारत होती, सिस्टर तिला "थांब गो जरा" म्हणत होती.

"काळं झालंय सगळं. वरती पांढरी अक्षरं. लॉगिन म्हणतंय."

तिने आपल्या संगणकाचा कीबोर्ड काढून डब्याला लावला. मी नाव सांगितलं, मग पासवर्ड. एकेक अक्षर.

"ताई, काय उमटतच नाय."

"नाही उमटणार. दिसत नसलं तरी लिहिलं जातंय. तसंच लिहा."

"दिसल्याबिगर कसं कळंल चुकलं ते?"

"शेवटी कळेल."

शेवटी कळलं. चुकलं होतं. पुन्हा पहिल्यापासून. मी प्रत्येक अक्षर सांगून थांबत होते, ती मागून म्हणत होती, मग पुढचं. पुन्हा चुकलं. माझा आवाज चढायला लागला होता हे मला कळत होतं. बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, तो मी झटकला.

"सिस्टर, कीबोर्डवर वरच्या कोपऱ्यात एखादा दिवा लागलाय का?"

"लागलाय हिरवा."

कॅप्स लॉक. घाईत तिचं बोट लागलं असणार. तो बंद करून तिसऱ्यांदा सगळं लिहिलं.

"आता येगळंच आलं. पुष्कळ लिवलंय."

"शिरलो आत. आता मी सांगते ते लिहा. एस, यू, डी, ओ. मग मोकळी जागा."

तिने पहारा काढायची आज्ञा पुरी लिहिली. एंटर दाबलं.

"परत पासवर्ड मागतंय."

तो मागणार हे मला माहीत होतं आणि तरी त्या क्षणी मी विसरले होते. मघाशी सांगितलेलं सगळं पुन्हा, एकेक अक्षर. म्हाताऱ्याचे हात दुखायला लागले असतील असं एक मन म्हणत होतं. तेवढ्यात सिस्टरने अडखळत वाचलं, "फायरवॉल... स्टॉप्ड."

"आता पेशंटचं पान उघडा."

बराच वेळ नुसता आवाज. खुर्ची सरकल्याचा, काहीतरी पडल्याचा. पान उघडलं होतं, पण नाव लिहायला कीबोर्ड नव्हता. तो टीव्हीखाली डब्याला होता. तो काढून परत संगणकाला लावला. मी डोळे मिटून उभी होते. मग डॉक्टरांचा आवाज आला, फोनवर नाही, त्यांच्या खोलीत कुणाला तरी सांगितल्यासारखा.

"हेच. मी हेच देणार होते."

आणि फोन बंद झाला. तिकडे काम सुरू झालं असणार. बाबांनी पाणी आणून दिलं. मी दोन घोट घेतले आणि शेणव्याला फोन लावला.

आता रीत सापडली होती. शेणवे, सरळगाव, धसई फोनवरच सुटले. किन्हवलीला मी स्वतः जाऊन आले. प्रत्येक ठिकाणी सिस्टरने विचारलं, "काय झालंय?" आणि प्रत्येक ठिकाणी मी म्हणाले, "माझी चूक झालीय, नंतर सांगते." धसईच्या सिस्टरने आपल्या गोड आवाजात म्हटलं, "होतं गो ताई," आणि मला रडू आलं, ते मी फोन ठेवेपर्यंत दाबून धरलं.

उरलं डोळखांब. तिथला टीव्ही बिघडलेला आणि सिस्टरचा फोन लागत नव्हता. त्या बाजूला रेंजचं कायम तसंच. बाबांनी मोटरसायकल काढली. मी घरचा छोटा मॉनिटर चादरीत गुंडाळून मांडीवर घेतला, कीबोर्ड पिशवीत. शेणव्यावरून पुढे रस्त्यावर पेंढा पसरलेला, खळ्यांत झोडणी चाललेली, भुसा डोळ्यांत जात होता. फोन लागत नाही याचा अर्थ काय, याचे नाना विचार मनात. टोकावड्याच्या माणसाचं कळवायला निदान सिस्टरचा फोन तरी लागला. डोळखांबला असाच कुणी आला असेल आणि त्यांनी वाट न बघता काही दिलं असेल तर? मी बाबांना दोनदा म्हणाले, "जरा जोरात." त्यांनी वेग वाढवला नाही.

बाबा भातसानगरला धरणाच्या दारांवर कामाला होते. निवृत्त झाले तरी बोलण्यात धरण असतंच. वाटेत एका पुलावर त्यांनी गाडी हळू केली आणि मान मागे न वळवता विचारलं, "सहाची सहा एकदम केलीस?"

"हो."

"आमी सगळी दारं एकदम नाय उघडायचो. एक उघडायचं, थोडंसंच. मग खाली पाणी कसं जातंय ते बघायचं. मग दुसरं."

"बाबा, आत्ता नको."

त्यांनी पूल ओलांडला. मला राग आला होता, त्यांचा नव्हे, पण त्यांच्यावर निघाला. घरचा लॅपटॉप होता ना माझ्याकडे, मी आधी करून पाहिलंच होतं, असं मी त्यांना मनातल्या मनात सांगत राहिले. पुढच्या गावापर्यंत मलाच कळलं, की लॅपटॉपच्या खाली नदी नव्हती. तिथे कुणी पेशंट बसलेला नव्हता.

डोळखांबला पोचलो तेव्हा तीन वाजत आले होते. दवाखान्यात गर्दी नव्हती. सिस्टर टेबलाशी बसून जाड वहीत लिहीत होती. माझ्या हातातला मॉनिटर बघून ती चकित झाली.

"तुमी कशाला आल्या?"

"मशीन बंद आहे ना सकाळपासून?"

"हाय ना. मी वही काढली. लाइट जाते तवा असंच करतो आमी." तिने वही माझ्याकडे फिरवली. पेशंटचं नाव, गाव, तक्रार, दिलेलं औषध, सगळं सुवाच्य अक्षरात. "इंजेक्शन आज कुणालाच नाय दिलं. एकजण हट्ट धरून बसला होता, त्याला म्हटलं, तुझं जुनं बघितल्याबिगर नाय टोचणार, उद्या ये."

मी वहीचं पान वरपासून खालपर्यंत वाचलं. मग मॉनिटर जोडला, कडी काढली, पान उघडलं. आणि तिच्याशेजारी बसून वहीतल्या नोंदी एकेक करून मशीनमध्ये भरल्या. ती वाचत होती, मी लिहीत होते. बाबा बाहेर चाफ्याखाली झोपले होते. माझी अक्षरं चुकत होती आणि सिस्टर पडद्यावर बोट ठेवून दाखवत होती.

परत येताना आम्ही शहापूरला गेलो. संस्थेच्या प्रमुख डॉक्टर तिथे असतात, साठीच्या पुढच्या, या भागात उभं आयुष्य काढलेल्या. आम्ही सगळे त्यांना बाई म्हणतो. सांगायचं कसं याची वाक्यं मी वाटभर जुळवली होती. त्यांच्यासमोर उभी राहिल्यावर ती सगळी गेली आणि जे झालं ते मी सरळ सांगून टाकलं. फक्त टोकावड्याचं सांगताना थांबले.

"ते मला कळलं," बाई म्हणाल्या. "तिथल्या डॉक्टरांनी दुपारीच फोन केला. तो माणूस बरा आहे. टाके घातले, घरी गेला." मग चष्मा काढून त्यांनी विचारलं, "मला तू किती वाजता फोन केलास?"

मी केलाच नव्हता.

"पावणेदहा ते आत्ता. सहा दवाखाने. तू एकटी निस्तरत बसलीस. मला दहा वाजता कळलं असतं तर मी सगळीकडे निरोप पाठवला असता, की मशीन सुरू होईपर्यंत कुणाला टोचू नका. डोळखांबच्या सिस्टरला तेवढं सुचलं. बाकीच्यांना सुचेलच असं नाही."

मला वाटलं होतं त्या चुकीबद्दल बोलतील. चुकीबद्दल त्या फारसं बोलल्याच नाहीत.

"मी काम सोडू का?" मी विचारलं.

"सोडलंस तर मशीनना दारं कुठे आहेत ते कुणाला माहीत आहे?"

"मलाही नीट माहीत नव्हतं."

"मग आधी ते लिही."

पुढचे दोन महिने मी तेच केलं. एसटीने प्रत्येक गावी गेले, मशीनपाशी बसले आणि ते खरोखर कसं आहे ते बघून लिहून काढलं. कसं असायला हवं ते नव्हे. काय काय सापडलं. सरळगावच्या मशीनमध्ये मी कधीतरी करून विसरलेली एक तात्पुरती सोय तीन वर्षं तशीच चालू होती. धसईला एका फायलीत मीच मला लिहिलेली चिठ्ठी होती: हे नंतर नीट करणे. सगळं एका जागी आलं तेव्हा त्याची प्रत मी बाईंकडे ठेवली, आणि तालुक्याच्या कॉलेजात संगणक शिकवणाऱ्या एका मॅडमना विनंती केली, की मला काही झालं तर तुम्हाला हे वाचून काम करता येईल का ते बघा. त्यांनी पुष्कळ शंका काढल्या. त्या शंकांची उत्तरंही लिहिली.

बाईंच्या सांगण्यावरून आणखी एक केलं. आता रोज सकाळी प्रत्येक मशीन आपणहून एक कागद छापतं: या दवाखान्यातल्या कोणत्या पेशंटला कोणतं औषध सोसत नाही. सिस्टर तो पाटीला अडकवते. एवढं सगळं स्वयंचलित करायचं आणि शेवटी कागदच काढायचा, याचं मला आधी वाईट वाटलं होतं.

फायरवॉल मात्र पुन्हा लावायची होतीच. या वेळी लिहिताना अशी सोय केली, की पहारा बसल्यावर पाच मिनिटांत मी बाहेरून पुन्हा आत शिरून ठीक आहे असं सांगितलं नाही, तर मशीनने स्वतःच पहारा काढून टाकावा. आधी ते मुद्दाम चुकवून पाहिलं. किन्हवलीच्या दवाखान्यात, रविवारी, बंद असताना. चुकीचे आकडे दिले, बाहेर फेकले गेले आणि घड्याळाकडे बघत बसले. पाच मिनिटं उलटून गेली. साडेपाच मिनिटांनी मशीनने दार उघडलं.

मग बरोबर आकडे घालून फक्त किन्हवली. दोन दिवस थांबले. मग शेणवे. मग सरळगाव. टोकावड्याला चालवायच्या दिवशी मी घरून चालवलं नाही. पहाटेची एसटी धरून तिथे गेले आणि टीव्हीखालच्या बाकावर लॅपटॉप घेऊन बसले. सिस्टर माझ्याकडे बघत होती.

"ताई, टीव्ही काढून ठेवू का खाली?"

"लागणार नाही बहुतेक."

"बहुतेक म्हणता म्हणून ईचारते."

मी एंटर दाबलं. ओळ पिवळी झाली. मी लॅपटॉप बंद केला, पुन्हा उघडला, नव्याने आत शिरले. शिरता आलं. सिस्टरने पेशंटचं पान उघडलं. उघडलं. तरी मी दुपारपर्यंत तिथेच बसून राहिले. कोणी आलं की मान वर करून त्याच्या पायांकडे बघत होते.

शेवटचं डोळखांब झालं त्या दिवशी मी घरी होते. पुन्हा एकदा सहांवर चालवलं, सगळीकडे हिरवं. अकरा वाजले, बारा वाजले, फोन वाजला नाही. पूर्वी फोन वाजला की छातीत धस्स व्हायचं. आता न वाजल्यानेही तसंच होत होतं. शेवटी मीच एकेकाला फोन लावला. शेणवे ठीक. सरळगाव ठीक. धसईची सिस्टर म्हणाली, "चाललंय की. काय व्हायला हवं होतं?" डोळखांबचा फोन चौथ्या खेपेला लागला.

"ताई, पेशंट हायेत समोर. काय काम होतं?"

"काही नाही. मशीन चालू आहे ना?"

"चालू हाय. बंद पडलं तर मी सांगीन ना. ठेवू?"

तिने ठेवला. मी फोन टेबलावर पालथा ठेवला, आणि दोन मिनिटांनी उचलून आवाज चालू आहे ना ते पाहिलं.